बटणं दाबणारी की ठरवणारी?

व्यवसाय प्रशिक्षणाच्या यादीत ‘डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर’ नावाचा एक ट्रेड आहे. मुदत एक वर्ष. दहावी झालेल्या मुलींना तो बरा वाटतो. बसून करायचं काम, कपडे खराब होत नाहीत, घरच्यांचा विरोध नसतो आणि स्थळं येतात तेव्हा ‘कॉम्प्युटरचं करते’ असं सांगता येतं. हा ट्रेड काय किंवा गल्लोगल्ली चालणारे डीटीपीचे तीन-सहा महिन्यांचे वर्ग काय, मुलींना ग्राफिक डिझाइनची पहिली ओळख इथेच होते. आणि ती ओळख ज्या शब्दाने होते तो शब्द आहे ‘ऑपरेटर’. म्हणजे यंत्र चालवणारी. काय करायचं, कुणासाठी, कसं दिसायला हवं हे दुसरं कुणीतरी ठरवणार. हिने बटणं दाबायची.

गेली काही वर्षं मी अशा मुलींना शिकवते आहे. माझं म्हणणं असं की पहिल्या महिन्यात आपण काय शिकवतो त्यावर ती पुढे ऑपरेटर राहणार की डिझायनर होणार हे बरंचसं ठरतं. आणि हा प्रश्न शिक्षणखात्याचा आहे असं समजून स्त्रीचळवळीने तो सोडून देण्यासारखा नाही. आपली पत्रकं, पोस्टरं, बॅनर, अहवाल याच मुलींच्या हातून बाहेर पडतात.

हे काम बायकांकडे आलं कसं, ते आधी पाहू. शिशाचे खिळे जुळवण्याचं काम प्रामुख्याने पुरुषांचं होतं. त्याला उमेदवारी करावी लागे आणि कसबी कामगार म्हणून मान असे. सिंथिया कॉकबर्न या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी लंडनच्या वृत्तपत्रांतल्या जुळाऱ्यांवर १९८३ साली ‘ब्रदर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. संगणक आल्यावर या पुरुषांना नोकरी जाण्याची भीती तर वाटलीच, पण टाइपरायटरसारख्या कळफलकासमोर बसणं हेसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटलं. का? तर ते बायकांचं काम! कसब कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे काम कोण करतं यावरून ठरतं, हे त्या पुस्तकाने फार नेमकं दाखवलं. आपल्याकडेही खिळे गेले, डीटीपी आलं, आणि कळफलकासमोरच्या खुर्च्यांवर मोठ्या संख्येने मुली आल्या. त्याबरोबर कामाचं मोल पानावर आलं. पानाला इतके रुपये. त्या पानावर मजकूर नीट लावायला, चुका काढायला, तीनदा बदललेला मथळा चौथ्यांदा बसवायला किती वेळ गेला, त्याचा हिशेब नाही.

आता वर्गात काय चालतं ते बघा. ‘हे सिलेक्शन टूल, हे क्रॉप टूल, हे टेक्स्ट टूल.’ मग समोर ठेवलेलं व्हिजिटिंग कार्ड जसंच्या तसं काढा. जी हुबेहूब आणि लवकर काढेल ती हुशार. म्हणजे नक्कल आणि वेग. याला माझा विरोध नाही. वेग लागतो, टायपिंग लागतं. शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेचं प्रमाणपत्र हाताशी असेल तर नोकरी मिळायला मदत होते. पण एवढंच शिकवलं तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मुलगी मागे पडते. आणि आता तर कॅनव्हासारखे तयार साचे मोबाइलवर आहेत, वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. दुकानदार म्हणतो, एवढं तर माझा पोरगाही करतो. जिला फक्त बटणं दाबता येतात तिची खुर्ची सगळ्यात आधी जाणार. म्हणून ‘ठरवायला’ शिकवणं ही चैन आहे असं जे सहकारी म्हणतात, त्यांना माझं उत्तर असं की गरीब मुलीला तर ते आधी शिकवायला हवं.

मग पहिल्या महिन्यात काय करायचं? मी संगणक बंद ठेवते आणि मुलींना चौकात पाठवते. गावातल्या कुठल्याही एका फ्लेक्सचा फोटो काढायचा, छापून आणायचा आणि पट्टीने त्यावरची डोकी मोजायची. वरच्या नेत्याचं डोकं किती सेंटिमीटर, तालुक्याच्या नेत्याचं किती, शुभेच्छुकांच्या रांगेतलं किती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींमध्ये बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. म्हणजे सरपंचबाई फ्लेक्सवर असणारच. पण कुठे? मुली मोजून आणतात तेव्हा वर्गात हशा पिकतो. सरपंचबाई कोपऱ्यात, डोक्यावर पदर, आणि तिच्याहून दीडपट मोठा तिचा नवरा, ज्याच्याकडे कुठलंच पद नाही! त्याचं नाव ठळक, पिवळ्या अक्षरात.

मग मी विचारते, डोळा आधी कुठे गेला? का गेला? आकार, जागा, रंगातला फरक, मोकळी जागा. ज्याला पुस्तकात ‘व्हिज्युअल हायरार्की’ म्हणतात आणि जे पाठ करून मुली परीक्षेत लिहितात, ते त्यांना पट्टीने मोजून एका तासात कळतं. मोठं म्हणजे महत्त्वाचं, वर म्हणजे वरचढ. आणि हे आपोआप होत नाही, कुणीतरी ठरवतं. पुढच्या तासाला तेवढीच माणसं, तेवढाच मजकूर घेऊन फ्लेक्स पुन्हा मांडायचा, सरपंचबाई मध्यभागी धरून. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, असं करून दिलं तर गिऱ्हाईक परत यायचं नाही.’ खरंच आहे ते. धंदा तिला करायचा आहे, मला नाही. पण कुठे काय ठरलं हे तिला आता दिसतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर तर गिऱ्हाइकाशी बोलताच येत नाही.

लग्नपत्रिकांचंही तसंच. लगीनसराईत डीटीपीच्या दुकानाचं निम्मं काम तेच. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची. मुलगा ‘चि.’, मुलगी ‘चि. सौ. कां.’, म्हणजे मुलाला नुसतं दीर्घायुष्य आणि मुलीला जोडीला नवऱ्याचंही. वराच्या आईचं नाव ‘सौ. व श्री.’ मध्ये, विधवा असेल तर निमंत्रकांत तिच्याऐवजी काका. वर्गात एकेका मुलीला स्वतःच्या घरची पत्रिका आणायला सांगावी आणि कुणाचं नाव कितव्या ओळीत आहे, कुणाचं नाहीच, ते लिहून काढायला सांगावं. अक्षरजुळणीचा अभ्यासही होतो आणि घरचाही. यात उपदेश करायची गरज पडत नाही. एका मुलीने गिऱ्हाइकाला दोन नमुने दाखवायला सुरुवात केली: एक नेहमीचा, दुसऱ्यात दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं एका मापाची, आईचं आधी. बहुतेक लोक पहिलाच घेतात. काहीजण दुसरा घेतात, कारण त्यांना तो कधी कुणी दाखवलाच नव्हता. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचं ठरवलं, तेव्हा कितीतरी फॉर्मांची मांडणी बदलावी लागली. फॉर्मावरचा रकाना हासुद्धा डिझाइनचाच भाग. ‘वडिलांचे / पतीचे नाव’ हा रकाना कुणीतरी आखलेला असतो.

अक्षरांवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण बाजारातली डिझाइनची पुस्तकं इंग्रजी अक्षर धरून लिहिलेली असतात. तिथे अक्षरं सुटी करून मथळा ऐसपैस करता येतो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्याकडे वर मात्रा-वेलांटी-रफार, खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. बारीक आकारात जाड ठसा वापरला की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची पोटं भरून जातात. शहरातल्या शिकलेल्या माणसाला संदर्भाने कळतं. नुकतीच वाचायला शिकलेली बाई तिथे अडते आणि पत्रक खाली ठेवते. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. असे फ्लेक्स आपण रोज बघतो आणि हसतो, पण ते करणाऱ्या मुलीला ही सोय असते हे कुणी सांगितलेलं नसतं.

शिवाय फॉन्टांचा गोंधळ. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फाइली एकीकडे, युनिकोड दुसरीकडे. एकातून दुसऱ्यात मजकूर नेला की ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो आणि ‘दऱ्या’खोऱ्यांतल्या बायका ‘दर्या’त पडतात! शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठरवून दिले, तरी कितीतरी फॉन्टांत हिंदी वळण येतं. मुलींना हे सांगितलं की त्या रस्त्याने जाताना पाट्या वाचायला लागतात. र. कृ. जोशी नावाचा एक मराठी माणूस होता, कवी आणि सुलेखनकार, त्याने घडवलेलं ‘मंगल’ हे देवनागरी अक्षर विंडोजबरोबर जगभरच्या संगणकांवर गेलं, हेही सांगते. आपल्या लिपीचं काम आपल्यातल्या कुणीतरी केलंय हे ऐकून चेहरे बदलतात. आज ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट आणि कायदेशीररीत्या मिळतात. चोरीच्या सीडीवरचे वापरायची गरज उरलेली नाही.

इथे कुणीतरी म्हणतं, मुलींना डिझाइन वेगळं काय शिकवायचं, रांगोळी त्यांच्या हातातच असते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे ग्रिड, हे खरं आहे आणि ग्रिड शिकवायला मी ती वापरतेही. पंधरा ते एक ठिपके मांडणाऱ्या मुलीला स्तंभ आणि समास समजावायला पाच मिनिटं पुरतात. पण ‘हातातच असतं’ या वाक्यापासून सावध राहायला हवं. जे जन्मजात म्हटलं जातं त्याचे पैसे कुणी देत नाही. वारली चित्रांचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. लग्नघरातल्या भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. १९७० नंतर ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली, बाजारात आली, आणि नाव झालं ते पुरुष चित्रकारांचं. जिव्या सोमा म्हसे यांचं काम मोठंच होतं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच. पण त्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

आता थोडं आपल्या विषयांबद्दल. मुलींना ‘बलात्काराविरुद्ध पोस्टर करा’ म्हटलं की ठरलेली चित्रं येतात: गुडघ्यांत डोकं घालून बसलेली बाई, तिच्यावर पंज्याची सावली, चुरगळलेलं फूल, लाल रंग ओघळतोय. ‘मुलगी वाचवा’ म्हटलं की पोटातलं बाळ आणि त्यावर रोखलेली सुरी. खाली ओळ, ‘मुलगीच नसेल तर राखी कोण बांधणार?’ त्यांचा दोष नाही. शासकीय जाहिरातींतून, शाळेच्या स्पर्धांतून त्यांनी हेच पाहिलंय. महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात आधी कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. दोन्ही कायदे चाचणीविरुद्ध आहेत, गर्भपाताविरुद्ध नाहीत. गर्भपाताचा कायदेशीर मार्ग १९७१ पासून आहे. पण सुरी आणि बाळ एका चित्रात आलं की बघणाऱ्याच्या मनात गर्भपात म्हणजे खून एवढंच उरतं, आणि उद्या गरज पडली तर हीच मुलगी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते. हे मी कायद्याच्या व्याख्यानात सांगून बघितलं आहे, मुली जांभया देतात. चित्रासमोर बसून विचारलं, ‘इथे गुन्हेगार कोण दिसतं? डॉक्टर दिसतो का? मशीन दिसतं का? सासर दिसतं का?’ की त्या स्वतःच म्हणतात, ‘इथे तर फक्त आईचं पोट दिसतंय!’

चित्र चांगलं असलं म्हणजे त्याचं काम चांगलं असतंच असंही नाही, हे शिकवायला लाल त्रिकोणासारखं उदाहरण नाही. दीप त्यागी या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून साठच्या दशकात कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे आले. अक्षर न वाचता कळणारं, कुठल्याही भिंतीवर कुणाही रंगाऱ्याला काढता येणारं. डिझाइन म्हणून अव्वल. आणि त्याच त्रिकोणाखाली १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत सक्तीच्या नसबंद्या झाल्या, आणि पुढे उद्दिष्टाचा सगळा भार बायकांच्या शरीरावर आला. मुलींना दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगाव्यात.

आणि त्याच्या शेजारी ठेवावं ‘शरीर की जानकारी’. राजस्थानातल्या पंचाहत्तर खेड्यातल्या बायकांनी मिळून केलेलं हे पुस्तक दिल्लीच्या काली फॉर विमेनने १९८९ साली छापलं. पहिल्या खर्ड्यात बाईचं शरीर उघडं काढलं होतं. गावात दाखवल्यावर लोक म्हणाले, आमच्याकडे कुठे अशी उघडी बाई दिसते? मग त्यांनी युक्ती काढली. चित्रातली बाई पूर्ण कपड्यांत, आणि कागदाची घडी उचलली की आत शरीर. लाजही राहिली आणि माहितीही. यातल्या कुणी डिझाइनचा कोर्स केला नव्हता. पण वाचणारी कोण, ती कुठे बसून वाचणार, तिच्या शेजारी कोण असणार, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या लेखी ग्राफिक डिझाइनचा पहिला धडा हाच.

तो धडा धरून मी कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यावर पत्रक करायला देते. मुली आधी ए-फोर कागद घेतात, वर ‘घरगुती हिंसा सहन करू नका’ असा मोठा मथळा, खाली कलमं. मग विचारायचं, बाईने हे घरी न्यायचं कसं? ठेवायचं कुठे? नवऱ्याच्या हाती लागलं तर? यावर वर्गात जी चर्चा होते ती कुठल्याही शिबिरात होत नाही, कारण काहींना उत्तर घरूनच माहीत असतं. एका तुकडीने शेवटी ब्लाउजमध्ये मावेल एवढं घडीचं कार्ड केलं. बाहेरून पाककृती वाटावी, आत ११२ हा नंबर, संरक्षण अधिकाऱ्याचं काम काय, आणि पोलिसांत न जाताही अर्ज करता येतो ही एक ओळ. कलमं सगळी गेली. कुठली ओळ ठेवायची आणि कुठली काढायची याला दोन तास लागले, संगणकावर काढायला वीस मिनिटं.

आता मैत्रिणींनो, गिऱ्हाईक म्हणून संघटना कशा वागतात तेही बोलायला हवं. आठ मार्चचं पोस्टर सहा तारखेला संध्याकाळी सुचतं. मग दोन कार्यकर्त्या डीटीपीच्या दुकानात जाऊन त्या मुलीच्या पाठीमागे उभ्या राहतात. ‘हे मोठं कर. ते लाल कर. अजून एक ओळ बसव ना.’ रात्रीचे साडेनऊ होतात, तिला घरी जायला वाहन नाही, दुकानात बायकांना मुतारीची सोय नाही, याची विचारपूस कुणी करत नाही. पोस्टरवर स्त्रियांच्या श्रमाला दाम हवा असं लिहिलेलं असतं. आणि बिल देताना, ‘संस्थेचं काम आहे, काही कमी करा.’ कमी होतं ते मालकाच्या हिश्शातून नव्हे.

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापायला कायदा सांगतो. मांडणी करणारीचं नाव छापा म्हणून कुठलाही कायदा सांगत नाही, पण नको असंही म्हणत नाही. ऐंशीच्या दशकात पोस्टरं आपल्यातल्याच कुणी रात्री जागून काढायच्या, नाव घालायची पद्धत नव्हती, काम सगळ्यांचं मानलं जाई. तेव्हा ते शोभलं. आज ती मुलगी पगारी कामगार आहे आणि पुढच्या नोकरीसाठी तिला दाखवायला छापील नाव लागतं.

म्हणून अभ्यासक्रमात दर काढायला शिकवणंही आलं. पानावर नाही, तासावर. किती वेळा दुरुस्त्या फुकट, त्यानंतर किती, हे आधी कागदावर. आगाऊ रक्कम किती. नेमणुकीचं पत्र मागायचं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात छळ झाला तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, ती समिती कुठे बसते. आमच्या वर्गात आता याचे चार तास आहेत. वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती. विश्रांतीतून आणि शनिवारातून काढले.

संघटनांनी एवढं करून पाहावं: पोस्टर हवं असेल तर महिनाभर आधी जवळच्या आयटीआयमध्ये किंवा डीटीपीच्या वर्गात जावं, मजकूर ठरायच्या आधी. मुलींना बैठकीला बसवावं आणि वाचणारी कोण आहे ते सांगावं. तीन-चार नमुने करू द्यावेत, वस्तीत नेऊन बायकांना दाखवावेत आणि कुठलं कळलं ते विचारून यावं. निवडलं त्याचे पैसे द्यावेत, न निवडलेल्यांचेही थोडे द्यावेत, खाली नाव घालावं. यंदा दोन गटांनी आमच्याशी असं ठरवलंय. एकाचा विषय रेशनकार्ड आहे, दुसऱ्याचा ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयाची ऑपरेशनं. दुसऱ्या विषयावर वर्गात पहिलाच प्रश्न आला तो असा, की तोडीवर असलेली बाई हे पोस्टर कुठे बघणार, कोपीत की दवाखान्यात? त्यावर अजून वाद चालू आहे.